निवळशंख

आश्विनात पाणी निवळतं. श्रावण-भाद्रपदात लाल माती घेऊन दणदणत जाणारा ओहोळ एकदम शहाण्यासारखा वागायला लागतो. तळाचे गोटे दिसतात, गोट्यांवरून तिरपे पळणारे बोटभर मासे दिसतात, ओंजळीत पाणी घेतलं तर तळहाताच्या रेषा दिसतात. आमच्या कुलाबा जिल्ह्यात ओहोळाला वहाळ म्हणतात. वहाळाच्या दोन्ही अंगांना हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात पिवळं होऊन वाकलेलं असतं, बांधावरचं गवत उन्हानं करपायला लागलेलं असतं, आणि खाली खाजणाकडून ओल्या चिखलाचा खारट वास येत असतो.

परवा अलिबागहून रिक्षा करून मी गावी गेले आणि वहाळाच्या पुलावर उतरले. मुंबईहून आलेलं एक तरुण जोडपं खाली उतरून बाटली भरून घेत होतं. मुलगी मला म्हणाली, "आजी, किती स्वच्छ पाणी आहे ना इथं!"

"दिसतंय स्वच्छ," मी म्हटलं.

तिला ते खवचट वाटलं असणार. वाटू दे. माझं वय ऐंशीच्या पुढे गेलं, पण निवळशंख पाण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणं मला एका आश्विनानंतर कधी जमलेलं नाही.

चीनची लढाई होऊन गेली होती, त्याच्या पुढच्या वर्षीचा तो आश्विन. मी तेव्हा मुंबईत पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होते. बाविशीतली, दोन वेण्या घालून फिरणारी. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली आमच्या गावातली पहिली मुलगी मी, आणि ते श्रेय माझ्या भाऊकाकांचं. वडील लवकर गेले. त्यांच्या थोरल्या भावानं, भाऊकाकांनी, मला शिकवायचं ठरवलं तेव्हा सगळं गाव नाक मुरडत होतं. काकांनी कुणाचं ऐकलं नाही. माझी पत्र्याची ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेऊन ते रेवसच्या धक्क्यावरून लाँचमध्ये चढले आणि मला मुंबईच्या वसतिगृहात सोडून आले. "मागं बघायचं नाही, शालू," एवढंच म्हणाले होते.

नवरात्रात मी रजा काढून भातकापणीला घरी आले. लाँचमधून उतरून गावात शिरेपर्यंत दुपार झाली. खळ्यावर नेहमीसारख्या बायका भेटल्या, पण कुणी हसून बोलेना. आईनं पाण्याचा तांब्या हातात देतादेता सांगितलं, "पार्वतीचं पोर गेलं गं. तीन महिन्यांचं. निळं पडून गेलं."

पार्वती माझ्याबरोबर शाळेत होती, चौथीपर्यंत. बाळंतपणानंतर तिला ताप भरला आणि दूध आटलं. दवाखान्यातून दुधाच्या पावडरीचा डबा मिळाला होता, त्यावर पोर वाढत होतं. भाद्रपद संपता संपता त्याचे ओठ निळसर दिसायला लागले, मग नखं, मग सगळं अंग शाईच्या बोटासारखं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, जन्मतःच हृदय अधू असणार. गाव म्हणालं, सुईणीचा हात वाईट.

सुईण म्हणजे चांगुणा. खालच्या आळीतली, मिठागरावर काम करणाऱ्या घरातली. साठीची, काळीसावळी, हाताला चांदीचे जाड गोठ. गावातली निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्माला आलेली, मीसुद्धा. आता तिला कुणी दारात उभं करत नव्हतं. वरच्या आळीतल्या दोन बाळंतिणींना त्यांच्या सासवांनी बजावलं होतं, ती आली तर दार लावून घ्या.

मी तिच्याकडे गेले ते खरं तर सांत्वन करायला. ती अंगणात सुकट पसरत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "ये बाय. तू पन बगायला आलीस का, चेटकीन कशी दिसते ती?"

"मी तुला भेटायला आले, चांगुणाबाय."

"मंग बस आनि आयक. मना कुनी आयकत न्हाय." तिनं हात झटकले. "पारवतीच्या पोराच्या टाचेला काटा लागला व्हता. रगत आलं. मी रगताला भ्यायची न्हाय, जलमभर तंच बगलंय. पन तं रगत लाल नव्हतं. काकवीच्या रंगाचं व्हतं. वाऱ्यावर ठेवलं तरी लाल व्हयना."

मी सावरून बसले.

"आनि आयक. या पावसात तीन पोरं निली झाली. एक गेलं, दोन हायेत. तिनी बाटलीवरची. आंगावर पिनारं पोर एकबी निलं न्हाय. दूद तं डब्यातलं, तं तं मुंबईची पोरंबी पितात. मंग ऱ्हायलं काय? पानी ऱ्हायलं."

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण आमच्या प्रयोगशाळेत कुणी याहून नेटका तर्क मांडलेला मी तोवर ऐकला नव्हता. आणि माझ्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं. प्रयोगशाळेत येणाऱ्या एका परदेशी मासिकात मी वाचलं होतं: शेतातल्या विहिरींच्या पाण्यात नायट्रेट फार झालं, तर मोठ्यांना काही होत नाही, पण बाटलीवरची तान्ही बाळं निळी पडतात. त्यांचं रक्त प्राणवायू धरून ठेवू शकत नाही, तपकिरी होतं.

गावची पिण्याची विहीर वहाळाच्या काठाला. तिथून थोडं वर, चढावर, सोसायटीचं खताचं गोदाम. त्या वर्षी खत उदंड आलं होतं, गोदामात मावलं नाही म्हणून पोत्यांची थप्पी बाहेर माडाच्या विणलेल्या झापांखाली रचली होती. पावसानं झापं कुजली, पोती फुटली, पांढरं खत विरघळून चार महिने वहाळात उतरत राहिलं. हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पाहून कुणाला काही वाटलं नव्हतं, कारण खत म्हणजे चांगली वस्तू. त्या खतानं भात दुप्पट निघायला लागलं होतं.

आणि सोसायटीचे चेअरमन होते भाऊकाका.

त्या संध्याकाळी मी चांगुणाबायला एकच सांगितलं, उरलेल्या दोन पोरांना विहिरीचं पाणी बंद. ती म्हणाली, "तं मी कवाच केलंय. डोंगराखालच्या झऱ्याचं पानी देतंय, चोरून. पोरांच्या आया येतात मागच्या दारानं." दोन्ही पोरांचे ओठ उजळायला लागले होते. म्हणजे जिला गाव चेटकीण म्हणत होतं, ती पहाटे डोंगरापर्यंत चालत जाऊन त्याच गावाची पोरं वाचवत होती.

दुसऱ्या दिवशी मी धुतलेल्या बाटल्या घेऊन वहाळ चालले. डोंगराखालचा झरा. गोदामाच्या वरचं पाणी. गोदामाच्या खालचं पाणी. विहीर. खाजणाजवळ, जिथे भरतीचं पाणी आत शिरतं तिथलं. पाच बाटल्या. पाचही उन्हात धरल्या. सगळ्या सारख्याच निवळशंख. मला आठवतंय, त्या सारखेपणाचा मला राग आला होता.

मुंबईला परतले ती बाटल्यांची पिशवी मांडीवर घेऊन. आमच्याकडे नायट्रेट मोजायची रीत अशी: पाणी चिनीमातीच्या वाटीत वाफेवर आटवायचं, तळाला पांढरी साय उरते. तिच्यावर एक जहाल आम्ल घालून काचेच्या कांडीनं घोटायचं, पाणी घालायचं, मग अमोनिया. पाण्यात नायट्रेट असेल तर त्या क्षणी पिवळा रंग फुटतो. जितकं नायट्रेट जास्त, तितका गडद. मग ती नळी यंत्रात ठेवायची. यंत्र साधंच होतं. एका बाजूला दिवा, त्याच्यापुढे निळी काच, मग आपली नळी, आणि पलीकडे प्रकाश मोजणारा डोळा. पिवळं पाणी निळा उजेड गिळतं. किती गिळला, ते तबकडीवरची सुई सांगते.

झऱ्याचं पाणी ठेवलं, सुई जवळजवळ हललीच नाही. गोदामाच्या वरचं, तसंच. गोदामाच्या खालचं ठेवलं आणि सुई झपकन आडवी गेली. विहिरीचं पाणी बाळाला चालेल त्याच्या कितीतरी पट निघालं. मी एकटी होते त्या खोलीत, दुपारचे तीन वाजले असतील, खाली रस्त्यावर कुणीतरी कल्हईवाला ओरडत होता. मी तिथल्या स्टुलावर बसले आणि रडले. पार्वतीच्या पोरासाठी रडले का काकांसाठी, मला आजही सांगता येणार नाही.

आमचे साहेब वाईट नव्हते, भित्रे होते. त्यांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, "हा नमुना कुणी मागवला? कुणीच नाही. आणि हे खाडीकाठचं पाणी, यात मीठ असणार. मीठ असलं की ही चाचणी चुकते. हे कुणी धरणार नाही."

मिठाचं त्यांचं बरोबर होतं. मीठ आधी काढायचं असेल तर चांदीचा एक क्षार लागायचा, सिल्व्हर सल्फेट. त्याची बाटली साहेबांच्या कपाटात होती. "ती सरकारी नमुन्यांसाठी," ते म्हणाले आणि किल्ली खिशात टाकली.

शनिवारी मी परत गावी. चांगुणाबायला सांगितलं, चांदी अडली. तिनं विचारलं, "चांदी म्हंजी आपली चांदी? ही?" आणि उत्तराची वाट न बघता मनगटाला तेल लावून गोठ ओढायला लागली. चाळीस वर्षांचे गोठ, मनगटातून निघेनात. मी नको नको म्हणत होते. तिनं एक ओढून काढला, कातडं सोलवटलं.

"घे. या हातांनी येवरी पोरं काढली. हात वाईट म्हनतात ना? वितळव आनि बग काय निगतं."

तो गोठ मी तुकडे करून गरम गंधकाम्लात विरघळवला. उग्र धुरानं डोळे चुरचुरत होते. मग तो रस बेतानं पाण्यात ओतला, तेव्हा चांदीतलं तांबं निळं होऊन वर राहिलं आणि खाली पांढरे शुभ्र कण बसले. ते धुतले, पुन्हा धुतले. विहिरीच्या पाण्यात घातले तेव्हा मीठ दह्यासारखं फाटून तळाशी गेलं. गाळलं, आटवलं, रंग फोडला. आणि सुई आधीपेक्षाही पुढे गेली. मीठ चाचणी चुकवतं हे खरं, पण ते नायट्रेट कमी दाखवतं. खरं पाणी आमच्या पहिल्या आकड्याहून वाईट होतं.

मी काकांना आधी एकटं गाठून सांगायला हवं होतं, असं पुढे आई म्हणायची. मी गेले होते. ते ओटीवर बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पोर मी मारलं, असं म्हणतेस?"

"गोदाम हलवा, विहीर बंद करा, एवढंच म्हणते."

"हे खत आणायला मी किती उंबरे झिजवलेत, ठाऊक आहे? ज्यांच्या घरी आषाढात चूल पेटत नव्हती, त्यांच्या कणग्या भरल्यात. तुला शिकवली ती याच्यासाठी?"

"याच्यासाठीच शिकवलीत, काका," मी म्हटलं.

कापणी आटोपल्यावर मारुतीच्या देवळापुढे बैठक बसली. तालुक्याहून एक साहेब आले होते, पांढऱ्या पँटमधले. पुढे पुरुष, मागे पडवीला बायका. मी दोन काचनळ्या आणल्या होत्या, बुचं लावून. एकीत झऱ्याच्या पाण्याचा रंग, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. दुसरीत विहिरीचा, झेंडूसारखा पिवळा. उन्हात धरल्या. कुजबुज झाली.

साहेब म्हणाले, "खाऱ्या पाण्यावर ही चाचणी चालत नाही. पोरीला अनुभव नाही."

"चालते," मी म्हटलं. "मीठ काढून केली आहे. मिठासकट केली तर कमी दिसतं, साहेब. तुमची शंका धरली तर पाणी जास्तच वाईट ठरतं."

साहेबांनी काकांकडे पाहिलं. मग भाऊकाका उठले. विहिरीवरून भरलेली घागर त्यांनी मागवली, तांब्या बुडवला आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायले. ओठ पुसून म्हणाले, "जन्मभर हे पाणी पितोय. बघा, निळा झालोय का?"

लोक हसले. मोकळं, सुटल्यासारखं हसले.

मागून चांगुणाबायचा आवाज आला. "भाऊ, तुमी पितांव. पन तुमी तीन महिन्यांचं हाव का?"

हसू थांबलं. ती पुढे आली नाही, तिथूनच बोलली. पण तिच्या शेजारून पार्वती उठली. लुगड्याचा पदर डोक्यावर घट्ट धरलेला. पुरुषांच्या बैठकीत ती कधी बोलली नव्हती.

त्याच्या आदल्या दिवशी ती मला भेटली होती. तिनं विचारलं होतं, "दवाखान्यातली बाई बोलली, पाणी उकळून दे, जंतू मरतात. मी खूप उकळवायची, शालू, निम्मं होईस्तवर. मग तर बरं ना?" आणि मला खोटं बोलता आलं असतं. मी तिचे दोन्ही हात धरले आणि खरं सांगितलं, की नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटलं की ते दाट होतं. ती हात सोडवून घेऊन निघून गेली. ती पुन्हा माझं तोंड बघणार नाही, अशी माझी खात्री झाली होती.

आता ती म्हणाली, "मी पाणी उकळवलं. सांगितलं तसं उकळवलं, वर जास्तच उकळवलं. जेवढी काळजी घेतली तेवढं विष पोराच्या पोटात गेलं. माझी चूक न्हाय. चांगुणाबायची न्हाय. पाण्याची हाय." ती साहेबांकडे वळली. "लिवा तुमच्या कागदावर. माझं नाव लिवा, पार्वती. पोराचं न्हाय लिवता येणार, त्याचं बारसं राहिलं होतं."

साहेबांनी काही लिहिलं नाही. बैठक चहा न पिता मोडली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर गेलेल्या गड्यांना विहिरीचं तोंड बाभळीच्या काट्यांनी गच्च बंद केलेलं दिसलं. दोन्ही आळींच्या बायकांनी मिळून केलं होतं ते. एरवी वरच्या आळीची बाई खालच्या आळीच्या बाईच्या घागरीला घागर लागू देत नसे. त्या दिवसापासून त्या एका रांगेत डोंगराखालच्या झऱ्यावर जायला लागल्या, जाऊन-येऊन मैलभराची वाट. पुरुषांनी आधी दटावलं, मग विनवलं, एकदोघांनी काटे काढलेही. संध्याकाळी ते परत लागलेले असायचे. सगळ्यांत पुढे चांगुणाबाय चालायची, एका हातात गोठ आणि दुसरा हात रिकामा. वरच्या आळीतल्या त्या दोन सासवा तिच्या मागे.

मी तो देखावा एकदाच पाहिला, परतीच्या लाँचला निघताना. कापलेल्या, पिवळ्या शेतातून वर जाणारी घागरींची ती ओळ. कुणी घोषणा देत नव्हतं, कुणी गात नव्हतं. नुसती पावलं वाजत होती.

मुंबईत साहेबांनी माझ्यापुढे एक टाइप केलेला कागद ठेवला. वरून विचारणा झाली होती. कागदावर होतं की सदर आकडे अननुभवी कर्मचाऱ्यानं परवानगीशिवाय काढले असून विश्वासार्ह नाहीत. खाली सहीची जागा. "सही कर, नोकरी राहील," ते हलकेच म्हणाले. त्यांनाही लाज वाटत होती, दिसत होतं.

मी पेन घेतलं. 'परवानगीशिवाय' हा शब्द तसाच ठेवला, कारण तो खरा होता. 'विश्वासार्ह नाहीत' हे खोडलं. खाली लिहिलं: "आकडे बरोबर आहेत. शंका असल्यास पुन्हा मोजावे. मोजताना मला बोलवावे." आणि सही केली. माझी नोकरी गेली नाही. बढती मात्र पुढची कितीतरी वर्षं गेली. ज्यांना माझ्या हाताखाली शिकवून तयार केलं, ते माझे साहेब झाले. मला त्याचं वाईट वाटायचं, नाही वाटायचं असं म्हणणार नाही. पण तो कागद डोळ्यांपुढे आला की अजून माझी मान ताठ होते.

भाऊकाका वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. दिवाळीला मी पाया पडले तर त्यांनी पाय मागे घेतले. आईच्या पत्रातून कळायचं, की गोदाम वहाळापासून लांब, माळावर नेलं. पक्कं बांधलं, वर पत्रे घातले. कुणाला काही कारण सांगितलं नाही. पार्वतीला पुन्हा दिवस गेलेत. चांगुणाबायला वरच्या आळीतून बोलावणी येतात, आणि ती कधीकधी मुद्दाम उशीर करून जाते.

पुढच्या आश्विनात एका सकाळी प्रयोगशाळेच्या शिपायानं येऊन सांगितलं, "बाई, कुणी गावचे गृहस्थ आलेत." दारात भाऊकाका उभे होते. धोतर, कोट, लाँचच्या तुषारांनी भिजलेली टोपी. माझ्या टेबलापाशी आले, कोटाच्या खिशातून पंच्यात गुंडाळलेली बाटली काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"विहिरीचं आहे," ते म्हणाले. "मोज."

मी बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. बाटली उचलली. आटवून, घोटून, रंग फुटेपर्यंत बराच वेळ गेला. ते उभेच होते, हात पाठीमागे बांधून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. रंग फिका आला, पण पुरता गेलेला नव्हता. नळी यंत्रात ठेवली. ते वाकले, चष्मा कपाळावर चढवून तबकडीपाशी डोळे नेले.

"किती?"

"खूप कमी झालंय. पण अजून बाळाला द्यायचं नाही."

ते सरळ झाले. मान डोलावली आणि रिकामी बाटली परत घ्यायला हात पुढे केला.

मी ती धुऊन, बूच लावून त्यांच्या हातात दिली. "पुढच्या वर्षी पुन्हा आणा," मी म्हटलं. "आणि वहाळाचंही."